सहीचे डॉक्टर

पनवेलमध्ये माणसांचे डॉक्टर पुष्कळ होते. पण दहावी-बारावीचे निकाल लागले की गावातली सगळ्यांत मोठी रांग गुरांच्या दवाखान्यात लागायची. रांगेत गुरं थोडी आणि आम्ही जास्त. एखादी लंगडणारी शेळी, एखादा बैल, पाटीखाली झाकून आणलेली कोंबडी, आणि त्यांच्या मधेमधे प्लॅस्टिकच्या फायली छातीशी धरून उभी असलेली गावातली हुशार, मध्यम आणि काठावरची मुलं. त्या काळी कॉलेजच्या अर्जाला जोडायच्या प्रत्येक नकलेवर 'मूळ कागद पाहिला, नक्कल बरोबर आहे' अशी राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागायची. सरकारी गुरांचे डॉक्टर हे असे अधिकारी होते. शेतकरी त्यांना 'सायेब' म्हणत. आम्ही मुलं 'सहीचे डॉक्टर' म्हणत असू.

त्यांचं खरं नाव डॉ. रूबेन. कोकणातल्या ज्यू कुटुंबातले. त्यांचे पणजोबा कधी तरी पनवेलला येऊन स्थिरावले होते, आणि त्यांच्या घरातली मराठी आमच्या घरातल्यापेक्षा स्वच्छ होती. उंच, किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. निळं केसपेपरसाठी, हिरवं आमच्यासाठी. शिक्क्यावर 'पशुवैद्यकीय' हा शब्द ठळक असल्यामुळे मुंबईच्या कॉलेजांतून आमची थट्टा व्हायची. माझ्या वर्गातल्या एकाला तिथल्या कारकुनाने विचारलं होतं, "तुमच्या गावात माणसं तपासणारा अधिकारी नाही का?" हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्याला सांग, आमच्याकडे दोन्ही एकाच रांगेत तपासतात."

रांगेचा नियम त्यांनीच घातला होता: आधी आजारी, मग हुशार. कुणाचंही जनावर आलं की आम्ही सगळे एक पाऊल मागे. एकदा एक गृहस्थ मुलाला घेऊन आले आणि रांग सोडून थेट टेबलापाशी गेले. मुलाच्या मेडिकलच्या अर्जाची आज शेवटची तारीख आहे, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. डॉक्टर एका शेळीच्या तोंडात हात घालून बसले होते. मान न वळवता म्हणाले, "हिचीही आजच आहे." गृहस्थ मुकाट मागे जाऊन उभे राहिले, आणि त्यांच्यापुढे नेमका एक बैल आला.

गावात सही करणारे अधिकारी आणखीही होते. एकांची तर ख्याती अशी, की फाईल दारातून आत जायची आणि पाच मिनिटांत सह्या होऊन बाहेर यायची. आत कुणी ती उघडून पाहिली असेल तर त्याचा पुरावा नव्हता. घाईतली मुलं तिकडे जात. डॉक्टरांकडे मात्र वेळ लागायचा, कारण ते कागद वाचत. आधी कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, पुसायचे, मग मूळ मार्कलिस्ट डावीकडे, नक्कल उजवीकडे. एकेक विषय बोट ठेवून मोठ्याने वाचायचा, शेवटी बेरीज करून बघायची. गावातल्या कुणाला कशात किती मिळाले हे त्यामुळे सगळ्या रांगेला आणि दोन-चार म्हशींना कळायचं. आमच्या अर्जांना दवाखान्याचा वास यायचा तो त्या साबणाचा.

वाचून झालं की एक प्रश्न ठरलेला. "कुठे अर्ज करतोयस?" आणि मग, "का?" या 'का'ला पोरं फार घाबरत. एक जण म्हणाला, बाबा म्हणतात म्हणून. "मग सहीलाही बाबांना पाठव," असं म्हणून त्यांनी त्याला रांगेच्या शेवटी धाडलं. अर्ध्या तासाने पुन्हा टेबलापाशी पोचल्यावर तो पोरगा म्हणाला, "मला मोटारी आवडतात." डॉक्टरांनी लगेच सही केली. पळस्प्याचा एक मुलगा कसाबसा पास झाला होता आणि आयटीआयला अर्ज करत होता. मार्क दिसू नयेत म्हणून त्याने कागद अर्धा दुमडून धरला होता. डॉक्टरांनी तो सरळ केला, तळहाताने घडी मोडली, प्रत्येक विषय तितक्याच सावकाश वाचला आणि म्हणाले, "तुझ्या नावाचा कागद आहे, नीट धरत जा." त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

शनिवारी सही नाही, हाही नियम. त्यांच्या धर्माप्रमाणे त्या दिवशी ते लिहीत नसत. जनावर मात्र तपासत. केसपेपर त्यांचा मदतनीस बाळाराम लिहायचा. हा बेलपाड्याचा, अंगाने आडवा, आणि जनावर खोड्यात, म्हणजे तपासायच्या लाकडी चौकटीत, घालण्यात वाकबगार. "सायेब सांगतान, मी लिवतो," असं तो अभिमानाने सांगे. एखादं पोरगं शनिवारी फाईल घेऊन आलंच तर बाळाराम त्याला दारातूनच परत लावायचा. "आज फकस्त ढोरांना हाय. माणसांना नाय."

आता माझं. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मी दहावी झाले होते आणि मला मुंबईतल्या एका फार नावाजलेल्या कॉलेजात जायचं होतं. कारण सांगायला लाज वाटते. लहानपणी मावशीबरोबर त्या दगडी इमारतीवरून जाताना मी पांढरे कोट घातलेल्या मुली व्हरांड्यातून हसत जाताना पाहिल्या होत्या. तेवढ्यावर मी माझं आयुष्य ठरवून टाकलं होतं. वडील तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होते, शिफ्ट संपवून आले की कपड्यांना औषधी वास यायचा. मुलगी मुंबईला शिकणार हे ते शिफ्टमधल्या सगळ्यांना सांगून बसले होते. राहायची सोय गिरगावात मावशीकडे होणार होती. राहता राहिला होता फक्त प्रवेश.

कॉलेज विज्ञान शाखेची यादी गणित आणि विज्ञान या दोन विषयांच्या बेरजेवर लावायचं. मार्क अर्जावर लिहायचे नव्हते. जोडलेल्या नकलेवरून ते स्वतःच उतरवून घेत. शाळेतल्या आमच्या बाईंनी मागच्या वर्षीचा आकडा कुठून तरी मिळवला होता. माझे मार्क बघून म्हणाल्या, "पाच-सात कमी पडतायत गं. भरून ठेव अर्ज." त्या पाच-सात मार्कांनी माझी झोप उडवली. जो भेटेल तो म्हणायचा, गणितात अजून थोडे हवे होते. गणितात मला दीडशेपैकी एकशे अठ्ठावीस होते, आणि महिनाभर मला ते नापास झाल्यासारखे वाटत होते.

गावातलं झेरॉक्सचं एकुलतं एक मशीन नेमकं त्याच आठवड्यात बिघडलं. म्हणून नकला टाइप करून घ्याव्या लागल्या. टायपिंग क्लासमधल्या मुलीने मधे कार्बन घालून एका दमात तीन प्रती काढल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. पायरीवर उभी राहून मी त्या वाचल्या. गणितापुढे एकशे अडतीस. खाली एकूण बेरीज मूळची, बरोबर. फक्त त्या एका ओळीत दहा मार्क वाढलेले, तिन्ही प्रतींवर. परत आत जाऊन सांगायला चार पावलं पुरली असती. मी फाईल बंद केली आणि घरी आले. टायपिस्टची चूक, माझी काय, असं मी स्वतःला सांगितलं. प्रवेशाच्या दिवशी मूळ मार्कलिस्ट दाखवावी लागली तर मी चेहरा पाडून म्हणणार होते, अय्या, हे कसं झालं? एकदा यादीत आलेलं नाव कोण कशाला काढेल, असा माझा हिशेब होता.

सही घ्यायला अर्थातच मी डॉक्टरांकडे जाणार नव्हते. मी त्या न बघता सही करणाऱ्या साहेबांकडे गेले, तर ते दौऱ्यावर. दुसऱ्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख. मग दुसरा इलाजच उरला नाही. मी गुरांच्या दवाखान्यात जाऊन उभी राहिले. ते बेरीज करणार, एकूण जुळणार नाही, आणि सगळ्या रांगेसमोर माझं बोट धरून ते त्या आकड्यावर ठेवणार, हे मला दिसत होतं.

पण त्याच वेळी तळोज्याच्या बाजूची एक म्हैस टेंपोतून आली. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, जीभ बाहेर. मालक रडकुंडीला आलेला. डॉक्टर, बाळाराम आणि आणखी दोघे तिच्याभोवती. आम्ही सगळे मागे सरलो. डॉक्टर नळी आणायला म्हणून आत वळले आणि त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांना सगळ्यांच्या तारखा पाठ असत. "उद्या शेवटचा दिवस ना गं तुझा? आण इकडे." नळाखाली नुसते हात धरले, पेन काढलं. "मूळ आणलंयस? ताडून बघितलंस ना?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी तिन्ही प्रतींवर सही केली आणि म्हशीकडे धावले. शिक्का मी स्वतःच मारून घेतला. म्हैस वाचली, असं नंतर कळलं.

पहिली यादी लागली तेव्हा मावशीच्या यजमानांनी आमच्या शेजारच्या दुकानात फोन करून सांगितलं, पोरीचं नाव आहे. वडिलांनी पेढे आणले. आईने एक पुडा माझ्या हातात दिला. "आधी डॉक्टरांना देऊन ये. आणि फाईल घेऊन जा, प्रवेशाला आणखी नकला लागतील, झेरॉक्सही सुरू झालंय." मी नाही-होय करत राहिले, पण पेढे न द्यायला कारण काय सांगणार?

दवाखान्यात त्या दिवशी गर्दी नव्हती. डॉक्टरांना फार आनंद झाला. हात धुवून पेढा घेतला, पण तोंडात टाकायच्या आधी म्हणाले, "मार्कलिस्ट आणलीयस का? त्या दिवशी तुझी वाचायची राहून गेली." मला तेव्हा पहिल्यांदा समजलं, की ते आमच्यावर संशय म्हणून वाचत नव्हते. त्यांना वाचायला आवडायचं. मी मूळ कागद दिला. एका हातात पेढा, दुसऱ्या हाताचं बोट कागदावर, असं त्यांनी वाचायला सुरुवात केली. मराठी, हिंदी, इंग्रजी. "गणित एकशे अठ्ठावीस," ते म्हणाले आणि थांबून माझ्याकडे बघून हसले. "छान आहेत की."

एकशे अठ्ठावीसला छान म्हणणारा माणूस मला महिन्याभरात भेटला नव्हता. त्यानेच माझा बांध फुटला. मी फाईलमधून उरलेली एक प्रत काढली आणि त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली.

त्यांनी ती वाचली. बोटाने बेरीज केली. मग बोट खाली नेऊन स्वतःच्या सहीवर ठेवलं.

"हे तुला कधी कळलं?"

"टाइप झालं तेव्हाच."

"मी विचारलं तेव्हा हो म्हणालीस."

"हो."

"आणि मी बघितलं नाही." त्यांनी पेढा परत पुड्यात ठेवला. ओरडले नाहीत, आवाजही चढवला नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. "उद्या सकाळी सहाची दादर गाडी. कॉलेजात जाऊ. आईला सांग, डॉक्टर सोबत येतायत म्हणून."

घरी सगळं सांगितलं. वडील उठून बाहेर गेले. आईने माझ्याशी त्या दिवशी शब्द काढला नाही. सकाळी डबा मात्र दोघांचा दिला.

एसटीत मी प्रवचनाची तयारी ठेवली होती. तसं काही झालं नाही. मानखुर्द येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका गाईला भलतंच औषध दिलं होतं. गाय मेली नाही, पण दूध तुटलं. मालकाला काही कळलं नव्हतं. "मी चौथ्या दिवशी जाऊन सांगितलं. तिसऱ्या दिवसापर्यंत गेलो असतो तर सोपं गेलं असतं. चूक कळली की लगेच उठावं बघ. नंतर धीर होत नाही." एवढंच. मग त्यांनी डबा उघडला आणि आईच्या हाताच्या थालिपिठाची तारीफ केली.

कॉलेजच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी स्वतःचं नाव आणि हुद्दा सांगितला. "या मुलीच्या नकलेवरची सही माझी आहे. मूळ न बघता केलेली आहे. ती रद्द करायला आलोय." आतल्या कारकुनाला आधी काही समजेना. मग त्याने अर्ज शोधून काढला, मूळ मार्कलिस्ट बघितली आणि म्हणाला, "अहो, एवढ्यासाठी तुम्ही पनवेलहून आलात? प्रवेशाच्या वेळी आम्ही मूळ बघतोच. तेव्हा आपोआप निघालं असतं नाव."

"तोपर्यंत माझी सही खोटी राहिली असती," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी हिरवं पेन काढून सहीवर आडवी रेघ मारली, शेजारी लिहिलं, 'मूळ कागदाशी न ताडता साक्षांकित केले, सबब रद्द', खाली पुन्हा सही केली, आणि रुमालात गुंडाळून आणलेला शिक्का काढून मारला. तेवढ्यात आतून तिथले वरिष्ठ आले. कागद बघून त्यांनी चष्मा वर केला आणि सौम्य आवाजात म्हणाले, "डॉक्टर, तुमचा हेतू चांगला आहे. पण आता हे लेखी झालं. आम्हाला तुमच्या खात्याला कळवावं लागेल."

"कळवा ना. पत्ता लिहून देतो," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या वरिष्ठांचा पत्ता पिनकोडसह लिहून दिला.

मी तिथे शेजारी उभी होते. मला ठाऊक होतं, 'त्यांनी विचारलं तेव्हा मीच हो म्हणाले होते' हे एक वाक्य मला बोलता आलं असतं. कुणी माझ्याकडे बघितलंही नाही, आणि मी बोलले नाही. दगडी व्हरांड्यातून पांढरे कोट घातलेल्या मुली चालल्या होत्या, तशाच हसत. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

माझं नाव यादीतून निघालं, आणि नंतरच्या याद्यांमध्येही आलं नाही. मला दादरकडच्या दुसऱ्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथे मला चांगले शिक्षक भेटले, आणि आयुष्यभर पुरलेल्या दोन मैत्रिणी. त्या दगडी कॉलेजाचं माझ्यावाचून अडलं नाही, आणि माझंही त्याच्यावाचून फारसं अडलं नाही. नव्या कॉलेजचे पेढे न्यायची हिंमत मला नव्हती, पण आईने पुन्हा पाठवलंच. डॉक्टरांनी पेढा तिथेच खाल्ला. "आणखी एक दे," म्हणाले.

पुढे बारावीला, मग बीएस्सीला, मी सह्यांना त्यांच्याकडेच जात राहिले. पहिल्या वेळी वाटलं, आता माझा कागद ते भिंगाखाली धरतील. तसं काहीही झालं नाही. इतरांचा जितका वेळ वाचत तितकाच माझा वाचला, आणि शेवटी तोच प्रश्न विचारला, का? तोपर्यंत मला सूक्ष्मदर्शकाचं वेड लागलं होतं. मी बोलत सुटले आणि मागे रांग खोळंबली. त्या घटनेचा उल्लेख त्यांनी कधी गमतीतही केला नाही. मला वाटलं, ते प्रकरण त्या खिडकीपाशीच संपलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला ते निवृत्त झाले. मुलगा आणि मुलगी आधीच इस्राएलला गेली होती. आता डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी एस्थरकाकूही निघाले. जाण्यापूर्वी त्यांनी घरी मलिदा केला होता, म्हणजे गोड पोहे, खोबरं आणि फळं समोर ठेवून प्रार्थना. अर्धं पनवेल आलं होतं. जनावरांचे मालक अंगणात आणि कागदांचे मालक ओटीवर. मी पुण्याहून रजा घेऊन गेले. तेव्हा मी एका प्रयोगशाळेत नोकरीला लागले होते.

अंगणात बाळाराम केळी वाटत होता. डोळे लाल झालेले. मला म्हणाला, "ताय, सायेब मोठे अधिकारी होऊन रिटायर झाले असते. अलिबागच्या मोठ्या खुर्चीत बसले असते. नाय बसू दिला."

"कोणी?"

"तुमच्या त्या सहीनं." त्याने हे रागाने सांगितलं नाही, मला माहीतच असणार असं समजून सांगितलं. "मेमो आलता. निष्काळजीपणा लिवलावता त्याच्यात. त्याच्यापायी बढती अडकली, मागचे पुढे गेले. आमी बोललो, सायेब, वर जाऊन सांगा ना, म्हशीचा जीव चालला होता. तर बोलले, म्हशीनं सही केली नाय, मी केली."

हातातलं केळं तसंच राहिलं. लोक पांगल्यावर मी डॉक्टरांना ओटीच्या कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, "तुम्ही खुलाशात लिहायला हवं होतंत, की मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"त्यांनी विचारलं, मूळ पाहिलं होतं का. मी लिहिलं, नाही. ते खरं होतं. दुसरं त्यांनी काही विचारलं नव्हतं."

"पण मला ठाऊक होतं. तिथे उभी होते मी. बोलले नाही."

"तू सोळा वर्षांची होतीस," ते म्हणाले. "ते तुझ्या कागदावर लागलं असतं तर जन्मभर तुझ्यामागे फिरलं असतं. माझी वीस वर्षांची नोकरी झाली होती. तिला काय होतंय?" मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप कोणता आहे ते विचारू लागले.

ते गेले. मी पुण्याला परतले, आणि ती गोष्ट माझ्या मनातून जाईना. डॉक्टरांनी माफ केलं होतं, त्याने माझं समाधान व्हायला हवं होतं, झालं नाही. त्यांच्या फायलीत कुठे तरी 'निष्काळजीपणा' असा शब्द होता, आणि तो तिथे मी ठेवला होता. असं करत दोन वर्षं गेली. चौथा दिवस केव्हाच उलटला होता. शेवटी मी एक रजा टाकली, दोन पानी अर्ज लिहिला आणि अलिबागच्या त्यांच्या जिल्हा कार्यालयात जाऊन उभी राहिले. अर्जात सगळं लिहिलं होतं: टायपिंगची चूक मला आधीच दिसली होती, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, त्यांनी घाई केली ती माझी मुदत चुकू नये म्हणून.

टेबलावरचे गृहस्थ वयस्कर होते. दोन्ही पानं शांतपणे वाचून म्हणाले, "ताई, ते निवृत्त झाले. पेन्शन चालू आहे. फाईल बंद झाली. आता याचं मी काय करू?"

"फायलीला लावा."

"त्याने काही बदलणार नाही."

"माहीत आहे. तरी लावा."

त्यांनी खाली वाकून कपाटातून एक गठ्ठा काढला, दोरी सोडली, धूळ झटकली, आणि माझा अर्ज भोकं पाडून त्यात ओवला. मेमोच्या लगेच वर. मला तो मेमो दिसला, फिकट, टाइप केलेला, चार ओळींचा.

अर्जाची एक प्रत मी डॉक्टरांना टपालाने पाठवली. दीड महिन्याने इस्राएलहून एस्थरकाकूंचं लांबलचक पत्र आलं. डॉक्टरांची तब्येत बरी नव्हती, हात थरथरत असल्यामुळे ते स्वतः लिहीत नव्हते. काकूंनी लिहिलं होतं:

'तुझा अर्ज यांना वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. म्हणाले, वेडी आहे पोरगी, अलिबागला जायची काय गरज होती? मग जेवायला बसले. जेवण अर्धं झाल्यावर म्हणाले, तिला विचार, अर्जाची पोच घेतलीस का?'

घेतली होती. तारीख आणि शिक्का असलेली, नीट वाचता येणारी. तिची झेरॉक्स काढून मी दुसऱ्याच दिवशी रवाना केली. त्याच हिवाळ्यात डॉक्टर गेले. पोच त्यांच्या हातात पडली होती आणि त्यांनी ती बोट ठेवून वाचली होती, एवढं काकूंनी मला कळवलं.